नजरचूक कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक डेमो झाला. भला मोठा टीव्ही, त्याखाली फूटपट्टीएवढा एक आय ट्रॅकर, आणि समोर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस. "आता माऊस विसरा. बघाल तिथे क्लिक!" असं म्हणून त्याने मेनूकडे नुसतं बघितलं आणि मेनू उघडला. टाळ्या. मग त्याने 'सेव्ह'कडे बघितलं आणि फाइल बंद झाली. लोक हसले, तोही हसला. "कॅलिब्रेशन जरासं हललंय" म्हणाला, पट्टी सरळ केली आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

मला काही हसू आलं नाही. हाच विनोद मी दर दुसऱ्या शनिवारी साताऱ्याला बघते, आणि तिथे पुढची स्लाइड नसते.

माझ्या मामांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. तीसेक वर्षं गणित शिकवलं त्यांनी, अर्ध्या गावाचे ते 'सर' आहेत. या आजारात हात जातात, पाय जातात, मग जीभ, मग मान. डोळे हलवणारे स्नायू मात्र बहुतेकांचे बराच काळ टिकतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या भाचे-पुतण्यांनी वर्गणी काढून नजरेवर चालणारं एक यंत्र आणलं. स्क्रीनवर चौकोन: पाणी, पंखा, दुखतंय, कूस बदला, टीव्ही वगैरे. ज्याच्याकडे बघाल ते यंत्र मोठ्याने बोलणार. पहिल्या आठवड्यात ते यंत्र दिवसातून दहादा "दुखतंय" म्हणालं. मामी हातातलं टाकून धावत यायची आणि मामांना काहीही दुखत नसायचं. ते 'पंखा' शोधत होते, आणि 'पंखा'च्या वाटेवर 'दुखतंय' होतं. इतकंच. विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "पेशंटला सांगा ना मॅडम, नजर स्थिर ठेवा."

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. हे सगळं त्या रागातूनच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मुळात डोळा हा स्थिर राहायला बनलेलाच नाही. तुम्ही आत्ता ही ओळ वाचताय ना, तुम्हाला वाटतंय की नजर डावीकडून उजवीकडे सरळ सरकतेय. तसं काही होत नाहीये. ती सेकंदाला तीन-चार उड्या मारतेय, मधे पाव सेकंद टेकतेय, परत उडी. टेकलेली असते तेव्हाही बारीक थरथरत आणि सरकत असते. यातलं काहीही तुम्ही ठरवून करत नाही. अल्फ्रेड यार्बस नावाच्या रशियन संशोधकाने लोकांच्या बुबुळाला हवेच्या दाबाने चिकटणारी एक छोटी टोपी बसवून (ऐकूनच डोळ्यात पाणी येतं) नजरेचे मार्ग नोंदवले होते. त्याचं पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आलं. त्याने इल्या रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले: या माणसांची वयं काय असतील, हे घर किती श्रीमंत आहे... प्रश्न बदलला की त्याच माणसाच्या नजरेची वाट बदलायची. म्हणजे नजर ही डोक्यातली शोधाशोध आहे. हात निर्णय झाल्यावर हलतो, डोळा निर्णय होण्यासाठी हलतो. आणि आपण थोर इंटरफेस डिझायनर काय करतो? त्या शोधाशोधीलाच 'क्लिक' म्हणतो.

बरं, हे काही मला लागलेले नवे शोध नाहीत. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट जेकबने १९९० मध्ये हे लिहून ठेवलंय. त्याने याला 'मिडास टच' म्हटलं: हात लावेल त्याचं सोनं होणारा ग्रीक कथेतला तो राजा, ज्याला शेवटी जेवताही येईना. मला आपला भस्मासुर जास्त जवळचा वाटतो. वर मागताना भारी वाटतं, मग लक्षात येतं की आता डोकंही खाजवायची सोय राहिली नाही. १९९० म्हणजे माझा जन्मही झाला नव्हता हो! आणि आमच्या डेमोवाल्याच्या स्लाइडवर काय होतं? 'बघाल तिथे क्लिक'.

यावरचा सगळ्यात सोपा इलाज म्हणजे टक लावणं. नुसतं बघून निवड होणार नाही, ठरावीक वेळ एकाच जागी बघत राहिलात तर होईल. बाजारातली बहुतेक यंत्रं यावरच चालतात. आता ती वेळ किती ठेवायची? कमी ठेवली तर भस्मासुर, जास्त ठेवली तर डोळे दुखून पाणी येतं. फिनलंडमधल्या टाम्पेरे विद्यापीठात पैवी मायारांता आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधी गोष्ट करून बघितली: ही वेळ वापरणाऱ्यालाच बदलू दिली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या दहा बैठका. सुरुवातीला लोकांनी सरासरी ८७६ मिलिसेकंद ठेवली होती, दहाव्या बैठकीपर्यंत स्वतःहून २८२ वर आणली. टायपिंगचा वेग मिनिटाला सुमारे ७ शब्दांवरून जवळपास २० वर गेला. ती माणसं धडधाकट होती आणि मामा मिनिटाला २० शब्द लिहिणार नाहीत, मान्य. पण आमच्या यंत्रात ही सेटिंग कुठे असावी? 'केअरगिव्हर' नावाच्या पासवर्डवाल्या मेनूत. तो उघडायला बोट लागतं! ज्याचे डोळे आहेत त्यालाच त्याच्या डोळ्यांचा वेग ठरवायची परवानगी नाही. पासवर्ड मामीच्या डायरीत, आणि मामीला ती सेटिंग काय आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

आता माझ्या जातभाईंचा, म्हणजे इंजिनियर लोकांचा, आवडता आक्षेप घेते. ते म्हणतील, "अगं, अजून चांगला सेन्सर येऊ दे. अॅक्युरसी वाढली की प्रश्न संपला."

नाही संपत.

ट्रॅकर डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, बुबुळावर त्याचा एक चमकता ठिपका उमटतो. कॅमेरा तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर-दिशा मोजतो आणि त्यावरून नजर कुठे आहे याचा अंदाज करतो. सगळं छान असेल तर चूक अर्धा ते एक अंश. स्क्रीन ६० सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. आणि "सगळं छान" म्हणजे काय? चष्म्यावर चमक नाही, पापणी उतरलेली नाही, खिडकीतून ऊन येत नाही (उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं), आणि कॅलिब्रेशननंतर कुणी उशी सरकवलेली नाही. आमच्याकडे उशी दर दोन तासांनी सरकवावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाली बघताना पापणी बाहुलीवर येते, म्हणून स्क्रीनच्या खालच्या भागात चूक आणखी वाढते.

पण समजा, देवाने स्वतः येऊन शून्य चुकीचा सेन्सर दिला. तरी काय? डोळ्याच्या पडद्यावरचा जो भाग खरोखर स्पष्ट बघतो, त्यात जगाचा जेमतेम एक-दोन अंशाचा तुकडा मावतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढा. त्या तुकड्यात वस्तू कुठेही आली की ती स्पष्ट दिसते. मग डोळा तिला बरोब्बर मध्यभागी आणायचे कष्ट कशाला घेईल? त्याचं काम झालं, तो पुढे गेला. म्हणजे ती एक अंशाची ढिलाई यंत्रात नाही, बघण्यातच आहे. सेन्सर कितीही घासूनपुसून चकचकीत केलात तरी ती जाणार नाही. अचूकपणा हवा असेल तर तो मेनूमध्ये आणावा लागेल. म्हणजे आपल्याला काम करावं लागेल. म्हणूनच आपण सेन्सरची वाट बघत बसतो की काय, अशी मला शंका आहे.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी २०१७ मध्ये ८० लोकांवर मोजमापं घेऊन सांगितलं होतं की बहुतेकांना भरवशाने वापरता यावं असं वाटत असेल, तर नजरेचं बटण निदान १.९ सेंटिमीटर रुंद आणि २.३५ सेंटिमीटर उंच ठेवा. तेही डेटा नीट गाळून घेतल्यावर. आता तुमच्या लॅपटॉपवर कुठलाही ड्रॉप-डाउन उघडा आणि पट्टी लावा. एक ओळ जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर. एका बटणाच्या जागेत तीन-चार ओळी! 'सेव्ह'च्या जागी 'क्लोज' होणारच, तो अपघात नव्हता, हिशोब होता. अॅपलने २०२४ मध्ये व्हिजन प्रो आणला, त्यात कॅमेरे डोळ्यांना जवळजवळ चिकटलेले, तरी त्यांच्या नियमात दोन बटणांच्या मध्यांत किमान ६० पॉइंट अंतर ठेवायला सांगितलंय. आणि मुख्य म्हणजे नुसतं बघून तिथे एरवी निवड होत नाही. नजर "हे" म्हणते आणि चिमूट "हो" म्हणते. फार हुशारीचं आहे हे, मी मनापासून म्हणतेय. फक्त मामांकडे चिमूट नाही.

मग चिमटीशिवाय "हो" कसं म्हणायचं? याचंही उत्तर पडून आहे. गोल मेनू! मध्ये रिकामी जागा आणि भोवती फुलासारख्या पाकळ्या. १९८८ मध्ये डॉन हॉपकिन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आठ पर्यायांचा असा मेनू माऊसने चालवून बघितला होता आणि तो सरळ यादीपेक्षा जलद ठरला होता. मग २००८ मध्ये आन्के हुकाउफ आणि मारिओ उर्बिना यांनी तो नजरेसाठी बदलला, आणि त्यातली युक्ती मला इतकी आवडली की मी ती ऑफिसात तीन जणांना बळंच समजावून सांगितली. पाकळीवरचं अक्षर हवं तितका वेळ वाचा, काही होत नाही. निवड होते ती नजर पाकळीची बाहेरची कड ओलांडते तेव्हा. वाचायची जागा वेगळी, निवडायची जागा वेगळी. टक लावायची गरज नाही, म्हणून घाई नाही आणि डोळ्यात पाणीही नाही. शिवाय पाकळी मध्यापासून बाहेर रुंद होत जाते. आठ पाकळ्या असतील तर मध्यापासून ६ सेंटिमीटरवर एका पाकळीची रुंदी पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. उशी सरकून कॅलिब्रेशन एक सेंटिमीटर हललं तरी 'वर' म्हणजे 'वर'च राहतं. डोळ्याला नेमका ठिपका जमत नाही, पण दिशा छान जमते. तर मग त्याला दिशा विचारा ना! ठिपका कशाला मागता?

हे कागदावरचं झालं. खरा धडा मला मामीने दिला.

यंत्र कपाटात गेल्यावर मामी काय करायची, तर मामांच्या समोर बसून म्हणायची, "क... च... ट... त... प..." मामांनी नजर वर केली की थांबायची. 'प'ला थांबली तर पुढे "प... फ... ब... भ... म..." परत नजर वर. मग "पा? पि? पी?" असं करत अख्खं वाक्य. हे तिला कुणी शिकवलं नाही. फ्रान्समधल्या ज्याँ-डोमिनिक बोबीने एका पापणीच्या उघडझापेवर अख्खं पुस्तक सांगितलं (ते १९९७ मध्ये आलं), तेव्हा त्याच्यासमोर अक्षरं नेहमीच्या क्रमाने न म्हणता फ्रेंचमध्ये किती वेळा लागतात त्या क्रमाने म्हणायचे, 'ई' आधी. रोमन लिपीला तसं करावं लागतं, कारण ए-बी-सी-डीच्या क्रमाला काही अर्थच नाही. आपल्या वर्णमालेला आहे! क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य-र-ल-व, मग श-ष-स-ह, आणि स्वर. मोजा: आठ. जुन्या लोकांनी याला अष्टवर्गच म्हटलंय. आठ पाकळ्या, स्वर सोडले तर प्रत्येकीत चार-पाच अक्षरं, मग बाराखडी. दोन-तीन पायऱ्यांचा मेनू तयार आहे, तोही पहिलीत पाठ करून घेतलेला. आणि मी आजवर बघितलेले नजरेचे मराठी कीबोर्ड काय करतात? इंग्रजी कीबोर्डच्याच चौकोनांवर मराठी अक्षरं चिकटवतात आणि जागा पुरली नाही म्हणून अर्धी शिफ्टखाली ढकलतात.

नाही म्हणायला आयआयटी मुंबईच्या अनिरुद्ध जोशींच्या गटाने २०१३ मध्ये 'स्वरचक्र' काढलं होतं. तुमच्यातल्या काहींनी वापरलं असेल. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती काना-मात्रांचं चक्र उघडतं. ते बोटासाठी होतं, पण मला एकदम उजेड पडला. हेच तर हवंय, फक्त कड ओलांडायची सोय करून!

मग मी शनिवार-रविवार घालवून पायथॉनमध्ये एक ओबडधोबड प्रकार लिहिला. गेमिंगसाठी मिळणारा एक सेकंडहँड ट्रॅकर आणि मामांचा जुना मॉनिटर. (स्वस्त ट्रॅकरचंही एक दुखणं आहे. 'आय ट्राइब' नावाच्या डॅनिश कंपनीचा ९९ डॉलरचा ट्रॅकर होता, त्यावर जगभर लोकांनी असलेच घरगुती उद्योग केले. २०१६ मध्ये फेसबुकच्या ऑक्युलसने ती कंपनी विकत घेतली आणि तो प्रकार संपला. असो.) मध्ये रिकामा गोल, तिथे बघितलं तर काहीही होत नाही, कारण डोळ्यांनाही टेकायला जागा लागते. भोवती अष्टवर्ग. मात्रांच्या चक्रात सात नेहमीच्या, आठव्या पाकळीत उरलेल्या. खाली नजर चुकते म्हणून खालची पाकळी जास्त रुंद केली आणि तिथे शहाणपणा करून ट-वर्ग टाकला. 'ट-ठ-ड-ढ कितीसं लागतं?' मामांनी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं खर्चून मला लिहून दाखवलं: "आणि पण कोण आपण पाणी". मी 'ण' विसरले होते! गणिताच्या मास्तरांनी भाचीला असं उभं करायचं म्हणजे... पण बरोबर होतं त्यांचं. ट-वर्ग वर आला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यात पायऱ्या जास्त आहेत. 'पाणी' लिहायला चौकोनी कीबोर्डवर चार वेळा टक लावावी लागते, माझ्या मेनूत सहा वेळा कड ओलांडावी लागते. डेमोत माझा मेनू हळू दिसेल, त्याला कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण मामा त्यावर दमत नाहीत, आणि ते जे लिहितात तेच उमटतं.

आता माझी चूक सांगते, नाहीतर हे सगळं फारच शहाणपणाचं वाटेल. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मामा चाळीसेक मिनिटं काहीतरी लिहीत होते. मी मुद्दाम बघत नव्हते. शेवटी ते 'बोल' या पाकळीकडे गेले. त्याच्या शेजारच्या पाकळीवर मी 'पुसून टाक' ठेवलं होतं. मीच. कारण दोन्ही 'कमांड' आहेत, तर एकत्र बऱ्या दिसतात! पडदा कोरा झाला. 'परत आण' मी लिहिलंच नव्हतं, पुढच्या व्हर्जनमध्ये करू म्हणून. मी विचारलं, "मामा, काय लिहीत होतात? परत लिहिता का?" त्यांनी डोळे मिटले. आमच्या खुणांमध्ये ते 'नाही' असतं. ते वाक्य त्यांनी नंतरही लिहिलं नाही आणि मी परत विचारायची हिंमत केली नाही.

त्या कंपनीच्या माणसाच्या "नजर स्थिर ठेवा"मध्ये आणि माझ्या त्या दोन शेजारच्या पाकळ्यांमध्ये फारसा फरक नाही, हे मला कळतं. ऑफिसात मी बगला 'लो प्रायॉरिटी' हे लेबल फार सहज लावायचे. हल्ली हात अडखळतो.

हल्ली आणखी एक सल्ला मिळतो: "एवढं अक्षर-अक्षर कशाला? एआय आहे ना, दोन शब्दांवरून वाक्य पूर्ण करेल." मी ते लावून बघितलं. मामांनी "मामीला" एवढं लिहिलं तर तीन सुंदर वाक्यं आली: मामीला धन्यवाद सांग, मामीला आराम करू दे, मामीला माझं प्रेम कळव. तिन्ही पाकळ्या जवळच्या, एका ओलांडणीवर. मामांनी तिन्ही सोडून सहा मिनिटं घालवून लिहिलं, "मामीला चहात साखर कमी सांग". शब्द सुचवायला माझी ना नाही, ते पाकळीत लांब कुठेतरी असू देत. पण जो माणूस थकलेला आहे त्याच्यासमोर गोड गोड वाक्य सगळ्यात सोप्या जागी ठेवलं, तर एक दिवस तो तेच निवडेल आणि आपण म्हणू, बघा, किती अचूक ओळखलं!

तर सध्या असं आहे की 'पुसून टाक' सगळ्यात आतल्या चक्रात गेलंय आणि 'परत आण'ला स्वतःची पाकळी आहे. टक लावायची वेळ, जिथे अजून लागते तिथे, मामा स्वतः कमीजास्त करतात. मुख्य चक्राच्या बाहेर, उजवीकडे वर, जिथे मामांची नजर सगळ्यात कमी चुकते, तिथे मी एक मोठं रिकामं घर ठेवलं होतं. तिथून एका नजरेत एकच ठरलेलं वाक्य बोललं जाणार. मी गृहीत धरलं होतं की तिथे 'दुखतंय' किंवा 'पाणी' जाईल. मामांना विचारलं तर त्यांनी सावकाश लिहिलं:

"थांबा, लिहितोय."

डॉक्टर येतात, विचारतात, दहा सेकंद बघतात आणि मामीकडे वळतात. पाहुणे तसंच करतात. मीही करत होते. आता ते वाक्य त्या घरात आहे, आणि गेल्या शनिवारी मी बसच्या वेळेसाठी उठायला लागले तेव्हा यंत्राने ते खणखणीत आवाजात म्हटलं. मी परत बसले. साडेपाचची बस गेली.